संध्याकाळची उपकारस्तुती होणार आहे

विनय,

चाकणची बस चुकेल, म्हणून तुला न उठवता लिहून जाते. तू काल चर्चच्या पाळकसाहेबांना फोन करून आज संध्याकाळची उपकारस्तुतीची भक्ती, आपल्या घरची आभाराची प्रार्थना, रद्द केलीस. मी रात्री त्यांना परत फोन करून "नक्की या" म्हटलं. "मला वाटलंच होतं, ताई," म्हणाले.

आज दुपारी कंपनी तुला ठेवणार की काढणार ते सांगेल. काढलं तर चारचौघांसमोर कसले आभार मानायचे, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आत्ता देते. आपली सलोमी वेळेआधी जन्मली, तेव्हा डॉक्टर आशा ठेवू नका म्हणाले होते. तरी तू तिच्या काचेच्या पेटीवर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केलीस. नर्स रागावली तरी थांबला नाहीस. ही भक्ती त्या दिवसासाठी आहे, तुझ्या नोकरीसाठी नाही. पुढचं रीडिंग बिघडेल या भीतीने मागची चांगली रीडिंग्ज खोडायची, असं मी लॅबमध्ये करत नाही. देवाने तेव्हा केलेलंही खोडणार नाही.

मटणाला मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवलंय. शेजारच्या वर्षाराणीताईंकडून खुर्च्या आणून ठेव. नोकरी राहो किंवा जावो, पहिली प्रार्थना तूच करायची आहेस.

आणि आभार कशाचे, हे अजूनही कळत नसेल, तर आतल्या खोलीत जा. सलोमी पांघरूण लाथाडून झोपली असेल. तिला उठव, वेणी घाल आणि शाळेत सोडून ये.

एस्तेर