मापवहीतलं कोरं पान

ता. १४ जानेवारी

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आ. आणि प्रभूमध्ये सलाम वि. वि.

बुटक्याच्या लग्नाचा कोट तू आतापासूनच बेतायला घेतलास, हे वाचून हसू आलं. मुलगी अजून धड हो म्हणाली नाही आणि होणाऱ्या सासूबाईंचं मशीन धावायला लागलं! पण कोट शोभेल त्याला. लहानपणी मी तुझ्या दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीची पेन्सिलीची खूण करायचो तेव्हा टाचा उचलायचा, म्हणून आपण त्याला बुटक्या म्हणायला लागलो. आता त्याच दारातून तुझा लेक वाकून आत येतो.

इथली बातमी बरी नाही. तो कामाला आहे त्या कारखान्यात दगड दळणारा आणखी एक माणूस धुळीनं गेला. घरचे लांब, तेव्हा नेहमीप्रमाणे आमच्या चर्चच्या मंडळीनंच त्याला मूठमाती दिली. बायकांनी अंघोळ घातली, मी पेटी केली. अंघोळीआधी माप घेतो ना, माझ्या टेपचे पहिले सहा फूट आता पुसले तरी पांढरेच राहतात.

सरकारी चौकशी लागली आहे. आमच्या पाळकबाई वयानं जेमतेम तिशीच्या, पण दोन वर्षं अर्जांमागून अर्ज करून त्यांनी ती लावून घेतली. कारखाना म्हणतो, चारच माणसं दगावली, बाकीची आपापल्या घरी परतली. बाई मला म्हणाल्या, काका, तुमच्या मापवहीत सगळी असतील. आहेत गं. तारीख, नाव, लांबी, खांदे. एकेका पानावर एकेक जण, तेवीस पानं. ही वही चौकशीच्या साहेबांपुढे गेली तर धूळ ओढणारे पंखे बसवावेच लागतील. पुढच्या महिन्यात देणार आहे.

डोळ्यांना जप. दिवेलागणीनंतर सुईत दोरा ओवत बसू नकोस.

तुझा,
दादा


ता. २२ जानेवारी

ति. दादास,
धाकटीचा शि. सा. सलाम.

मागचापुढचा विचार न करता लिहिते आहे, रागावू नकोस. बुटक्याला कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी आत बोलावलं होतं. म्हणाले, तुझा मामा काय करतो ते बघू, मग तुला दळणखात्यातून काढून फाटकावरच्या वजनकाट्यावर घालू. उघड्यावरचं काम आहे, दादा. तिथं धूळ नाही.

ती तेवीस माणसं मला दिसत नाहीत असं समजू नकोस. त्यांच्याही आया असतील. पण माझ्याकडे एकच आहे. चौकशी होईपर्यंत वही सापडत नाही एवढंच म्हण. तो एकदा काट्यावर गेला की हवी तर देवळाच्या घंटेला बांध.

तुझ्यापाशी मी कधी काही मागितलं नाही. लहानपणीची लाल रिबीन सोडून.

माया असू दे.
तुझी धाकटी


ता. १२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

वही सापडली नाही. ज्या खोक्यावर बसून मी हे पाळकबाईंना सांगितलं, वही त्याच खोक्यात होती. त्यांनी एवढंच विचारलं, काका, नीट शोधलंत ना? मी हो म्हणालो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, देवळाच्या आवारात.

चौकशीच्या साहेबांनी चार मृत्यू लिहून फाइल मिटली. संध्याकाळी बाई माझ्या कमरेसाठी मलम घेऊन आल्या. म्हणाल्या, शोधताना वाकून वाकून दुखली असेल. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

असो. बुटक्या वजनकाट्याची वाट बघतो आहे. मीही.

दादा


ता. २० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

तुला आजवर पुरतं लिहिलं नाही, आता लिहितो. वजनकाट्यावर कुणाच्यातरी मेव्हण्याला घातलं. बुटक्या दळणखात्यातच राहिला. पावसाळ्याआधी धरलेला खोकला सुटत नाही, म्हणून मी त्याला माझ्या खोलीत आणलं आहे. जिना चढताना तीनदा बसतो.

मंडळीतल्या बायका पाळीपाळीनं येतात. जिच्या नवऱ्याचं पान वहीत अकरावं, ती याच्या चादरी धुते. तिच्याकडे वर मान करून बघवत नाही. तुझ्या लेकाची थट्टा मात्र चालूच. काल म्हणाला, मामा, पुन्हा एकदा खूण कर, या खेपेला टाचा उचलत नाही.

मशीन झाकून ये. कोट झाला असेल तर घेऊन ये, त्याला बघायचा आहे.

दादा


ता. ५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

तू एक शब्द न बोलता बस धरलीस. बरोबरच केलंस.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. चाळीस वर्षांत माझी पेटी कधी चुकली नाही. पण बुटक्याच्या अंगाला टेप लावायला हात उचलला नाही. आठवणीतल्या खांद्यांवरून फळ्या कापल्या. ठेवला तेव्हा दोन्ही बाजूंना जागा राहिली. बायकांनी चादरींच्या घड्या करून भरली, ते तू पाहिलंस. मी चुकलो नव्हतो, तोच तेवढा उरला नव्हता.

तू गेल्यावरच्या पहिल्याच रविवारी उपासनेत उभा राहिलो आणि वही वर धरली. सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं, फेब्रुवारीनंतर भाच्याची सोडून आणखी सहा पेट्या केल्यास, त्यातली कुठली टळली असती? मी वही त्याच्यापुढे धरली. चादरी धुणारी पुढे आली, माझ्या माणसाचं पान कुठलं म्हणाली. तिला वाचता येत नाही. मी लांबी वाचून दाखवली, ती आकड्यांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, एवढे उंच नव्हते हो ते, तुम्ही पेटी ऐसपैस केलीत.

त्यानंतर सगळी मंडळी नऊ दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसली. उपासनाही तिथंच. फाइल पुन्हा उघडली आहे. अठ्ठावीस तारखेला एकेक पान त्या त्या घरचं, नाही तर मंडळीतलं माणूस वाचणार. एकोणतीस पानं भरली आहेत. तिसावं कोरं आहे. ते तुला विचारल्याशिवाय कसं भरू? आणि माप तरी कुठं घेतलं होतं मी!

क्षमा मागत नाही. मागायचं तोंड नाही.

दादा


ता. १४ नोव्हेंबर

ति. दादास,
धाकटीचा सलाम वि. वि.

मी बोलले नाही ते तुझ्यावरच्या रागानं नव्हे. जानेवारीतलं ते पत्र माझं होतं. तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर पडलं असतं, आणि सगळ्यांसमोर तू पुन्हा माझ्यासाठी खोटं बोलला असतास.

अठ्ठावीसला मी येते. पान मीच वाचणार, आणि ते पत्रही. तू मध्ये पडू नकोस.

माप माझ्याकडे आहे. मीही टेपवरच जगते की. उंची पाच फूट अकरा, चौकटीवरून. कोट बेतला तेव्हा खांदे साडेअठरा. तुम्ही सगळे बाहेर गेल्यावर कोट मी त्याच्या अंगात घातला, मागून टाचण्या लावून आत घेतला, तेव्हा साडेपंधरा. दोन्ही आकडे लिही. एकाच ओळीत लिही, म्हणजे साहेबांना शोधावं लागणार नाही.

मलम संपलं असेल तर तसं कळव. आपण दोघंच उरलो आहोत, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझी टेप बरोबर घे. पुसू नकोस.