आधाराची गरज नाही

४ जुलै, सकाळी

थांब. आधी माझं ऐकून घे, मग मिट. फॉर्म रखडवला म्हणे मी. रखडवला नाही, विचार चालू आहे. तू वही आहेस, तुला तरी फरक कळायला हवा.

मुद्दा असा. ताईची मोटरवाली व्हीलचेअर आली, पण ताई त्यात डावीकडे कलते. कलली की हात जॉयस्टिकवरून सुटतो आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. थेरपिस्टबाईंनी मापं घेऊन तीन गोष्टी लिहून दिल्यात: दोन्ही कुशींना आधार, डोक्याला आधार, आणि प्रेशर कमी करणारी सीट. इन्शुरन्सने मंजूर करायच्या. १ सप्टेंबरला कॉलेज उघडतं. सलग दोन तास बसता आलं नाही तर तिचे गणिताचे वर्ग दुसऱ्या शिक्षकाला, असं प्रिन्सिपॉलनी ताईला स्वच्छ सांगितलंय.

ताई एका बोटाने टाइप करते. घरात लिहिणारा मीच. म्हणून केस माझ्याकडे.

संकल्प: रोज एक फोन, रोज एक पान.

५ जुलै

फोन नाही. पान हे.

११ जुलै

फॉर्म गेला. थेरपिस्टबाईंचं पत्र जोडलं नाही. नुसते अंश आणि सेंटीमीटर, माणूस कुठाय त्यात? त्याऐवजी माझी दोन पानं. शेवटचं वाक्य: ‘माझ्या ताईला आयुष्यात कधीच कुणाच्या आधाराची गरज पडलेली नाही.’ लिहिताना माझेच डोळे भरून आले. आई म्हणाली, छान आहे, पण फॉर्मात कशाला? आईला शैलीतलं कळत नाही.

२२ जुलै

नामंजूर. कारण: ‘अर्जात नमूद केल्याप्रमाणे सदर व्यक्तीस आधाराची गरज नाही.’ कुशींचे गेले, डोक्याचाही गेला. सीट अपुऱ्या माहितीत अडकली. ताईने पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, त्यांना वाचता येतं रे.

भावना समजत नाहीत त्यांना, त्याला मी काय करू.

२३ जुलै

ताईने आईकडून टॉवेलची गुंडाळी करून डाव्या कुशीत खोचून घेतली. पाऊण तास बसली. मी म्हणालो, जमतंय की. तिने घड्याळाकडे बघितलं. पटलं असावं.

३१ जुलै

दुसरं पत्र. यावेळी भाषा एकदम सोपी. सीटचं ते लांबलचक नाव खोडून ‘मऊ उशी’ केलं. कुणालाही कळेल.

९ ऑगस्ट

कळलं. ‘अंथरूण-पांघरूण पॉलिसीत बसत नाही.’

आज फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, उशी दुकानात मिळते, सर. सर म्हणाली. संबंध जुळतायत.

१० ऑगस्ट

ताईने विचारलं, बाईंचं पत्र कुठाय? म्हणालो, हुकमाचं पान आहे, राखून ठेवलंय. म्हणाली, कुणासाठी?

पत्र सुरक्षित आहे. याच वहीत, खूण म्हणून.

१९ ऑगस्ट

अपील पूर्ण. अकरा पानं. आता सौजन्य बंद.

संध्याकाळी ताईला वाचून दाखवलं. पाचव्या पानाशी वर बघितलं तर ती पार डावीकडे, खुर्चीच्या हातावर आडवी. भारावली होती. आई आतून धावत आली, तिला सरळ केलं, आणि माझ्यावरच ओरडली की ती पडतेय आणि तू वाचतोयस.

टॉवेल दबतो लवकर, ताई म्हणाली. जाडसर काहीतरी हवं.

२० ऑगस्ट

अपील पाठवायचं होतं. शीर्षक सुचेना. उद्या.

२४ ऑगस्ट

अपील सापडत नाही. वहीतली खूणही नाही. आईची आवराआवर.

२८ ऑगस्ट

तिन्ही मंजूर.

अपील न पाठवता. म्हणजे नुसती कुणकुण लागली असणार त्यांना.

दुपारी

तसं नाही. ताईने २१ तारखेला स्वतःच मेल केला होता. एका बोटाने, चार ओळी, सोबत बाईंचं पत्र. चौथी ओळ: ‘आधीची दोन पत्रं भावाची आहेत. ती कृपया वाचू नयेत.’

वाचू नका म्हटलं की माणूस हमखास वाचतो. ताई हुशार आहे.

३१ ऑगस्ट, बागेतल्या बाकावरून

थेरपिस्टबाई सकाळी सामान घेऊन घरी आल्या. त्यांनी सगळं कधीच तयार ठेवलं होतं, फक्त मंजुरीसाठी अडलं होतं. आधी ताईच्या कुशीतली गुंडाळी काढली. टॉवेल उलगडला तर आत माझं अपील. अकराच्या अकरा पानं, घट्ट गुंडाळून, वर रबरबँड.

ताई त्यांना सांगत होती, हे बरं होतं हो, दहा दिवस अजिबात दबलं नाही. बाईंनी विचारलं, आता नको ना? आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. माझी सही वर आली.

मग आधार बसवले. ताई खोलीभर दोन फेऱ्या मारून आली. ताठ. हात जॉयस्टिकवरच. उद्या पहिला तास नऊचा आहे, म्हणाली. आईने तोंड फिरवून डोळे पुसले.

मी दारात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो की दहा दिवस हिला आधार दिला तो माझ्या लिखाणानेच. आणि कुणी काही बोलायच्या आत चपला घालून निघालो.