वाऱ्याच्या बाजूची पट्टी

पेणकरपाडा, १२ नोव्हेंबर १९९६

चि. नीलिमास अनेक आशीर्वाद, वि. वि.

उपग्रहाने काढलेला तुझा फोटो मिळाला. त्यात लेक कुठेच नाही, नुसता करडा समुद्र, म्हणून तुझी आई रुसली आहे. मिठागरवाल्याची पोर डेन्मार्कला बसून आभाळातून समुद्र बघते, हे पाड्यात कोणाला पटत नाही.

आगराची पश्चिमेची पट्टी बिल्डरला द्यायचे ठरवले आहे. तिथे मीठ कधी धड पिकलेच नाही. मधले वाफे राखतोय. दरवर्षी पहिल्या मिठाची मूठ आपल्या देव्हाऱ्यात पडली, की मला पुष्कळ झाले. सही पुढच्या महिन्यात आहे.

माया असू दे.
तुझे बाबा, पुंडलिक

डेन्मार्क, २ डिसेंबर १९९६

ती. बाबांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

आईची समजूत काढा. पण त्या फोटोतला काळा पट्टा पाहिलात का? इथे समुद्रात अकरा पवनचक्क्या उभ्या केल्यात. आमच्या फोटोत लाटा उजळ दिसतात आणि निवांत पाणी काळे. चक्क्यांच्या मागे वारा दमतो, पाणी मैलोन्मैल हलत नाही. त्याचा खालच्या पाण्यावर, मासळीवर काय परिणाम होईल, अजून कोणाला ठाऊक नाही. मला त्या पट्ट्याची भीती वाटते.

बाबा, आपला वारा पश्चिमेचाच ना? जमीन कशी पिकते ते तुम्ही पाहिलेत, वारा कुठून येतो ते नाही. तिथे इमारत उभी राहिली, तर मधल्या वाफ्यांतले पाणी वाळवायला वारा कुठून येणार? सही करू नका.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.
नीलिमा

पेणकरपाडा, ९ एप्रिल १९९८

चि. नीलिमास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे ते पत्र आले, त्याच्या चार दिवस आधीच सही झाली होती. लाजेने कळवले नाही. तेव्हा मी हसलोही होतो, की वारा काय कोणी अडवतो का. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

पट्टीवरच्या इमारतीचे पाच मजले झालेत, अजून दोन व्हायचेत. वाफ्यातले पाणी आटत नाही, त्यावर हिरवी साय धरते. वारा कळावा म्हणून बांधावरच्या बांबूला बांधलेले फडके सहा दिवस लोंबते आहे. आईने देव्हाऱ्यातली मिठाची वाटी उपडी घातली. यंदा तिच्यात घालायला मूठभरही मीठ निघाले नाही.

तुझ्या फोटोतला काळा पट्टा कुठे संपतो, ते मोजून कळव. इथे मी पावलांनी मोजले. इमारतीपासून आगराच्या शेवटच्या बांधापर्यंत चारशे वीस भरली. वारा कुठेच लागला नाही.

रागावू नकोस, लोभ ठेव.
बाबा