नसलेल्या गालिच्याच्या कडेकडेने

तीर्थरूप मामांस, भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पत्रातच घालतो, कारण सध्या वाकता येत नाही. ते पुढे येईलच.) तुमचा खोकला कमी झाला असेल, मामींची कंबर होती तशीच असेल, आणि त्या अजूनही टेकडीखालच्या विहिरीवरून हंडे भरून चढत असतील. प्रत्येक चढाला माझ्या नावाने बोटं मोडत असतील, तेही ठाऊक आहे. पण तुमच्या गल्लीच्या नळाच्या फायलीवर सही का झाली नाही, ते एकदा ऐकून तर घ्या.

आमच्या पाणीखात्यात मोठ्या साहेबांची खोली आहे. गोऱ्या साहेबाच्या काळी तिथे दारापासून टेबलापर्यंत गालिचा होता आणि त्यावर कारकुनाने पाय ठेवायचा नाही असा नियम होता. कारकुनाने दारातून उजवीकडे वळायचं, भिंतीला पाठ घासत, कपाटामागून अंग चोरत जायचं आणि खिडकीखालून टेबलाच्या कोपऱ्याशी उगवायचं. पुढे देश स्वतंत्र झाला, झेंडा उतरला, साहेब बोटीत बसला आणि जाताना गालिचा गुंडाळून घेऊन गेला. (कपाट मात्र आपल्याला ठेवलं.) तेव्हापासून खोलीत नुसती फरशी आहे, आणि आम्ही अजून भिंतीच्या कडेनेच जातो. मी नोकरीला लागलो त्या दिवशी सरळ आत निघालो, तर दारावरच्या म्हाताऱ्या शिपायाने मागून कॉलर धरली. "अहो, गालिचा!" मी खाली पाहिलं. "कुठाय?" तर म्हणतो, "नसला म्हणून काय झालं?" मला पटलं, मामा. इथे सगळ्यांनाच पटलेलं आहे. आमचे हिशेबनीस अंगाने भरलेले, कपाटामागे मावत नाहीत, म्हणून बिचाऱ्यांना बढती कधी मिळालीच नाही.

मध्यंतरी नवे साहेब आले. आपल्यातलेच, तरुण, बाह्या वर सारलेले. मला भिंतीला चिकटलेला पाहून आधी त्यांना वाटलं, खोलीत साप निघालाय. खरं कारण कळलं तेव्हा रागाने लालबुंद झाले. गुलामी अजून या फरशीवर पसरली आहे म्हणाले, आणि ती झटकायची कशी यावर विचार करत काही दिवस खोलीत फेऱ्या घातल्या. मग सगळ्यांना बोलावून जोरदार भाषण केलं. (आम्ही भिंतीला लागूनच ऐकलं. टाळ्याही तिथूनच वाजवल्या.) उद्यापासून प्रत्येकाने सरळ यायचं असा हुकूम निघाला, आणि पहिला मान तुमच्या भाच्याला मिळाला.

म्हटलं, चला, स्वातंत्र्याचा पहिला फायदा मामींना होऊ दे. तुमचीच फाईल काखेत मारून दारात उभा राहिलो, तर मेला पाय उचलेना! शेवटी डोळे मिटून उचलला, गालिच्याची जाडी धरून जरा उंचच उचलला, आणि जाडी काही लागली नाही. मी थेट टेबलावर आणि तिथून खाली पाठीवर, फाईल माझ्या अंगावर, दौत फायलीवर. सहीच्या जागेसकट सगळीकडे शाई. साहेब मला उठवायला लगबगीने धावले. माणूस भला आहे, उगाच वाईट का बोलू? पण मामा, ते धावले ते खिडकीखालून, कपाटामागून, भिंतीच्या कडेने! आम्हाला बघून बघून त्यांनाही सवय लागली होती. मी फरशीवरून आणि ते कपाटामागून, एकमेकांकडे बघत राहिलो.

मग अर्थातच समिती बसली. नसलेला गालिचा डोक्यातून निघणं अवघड, तेव्हा खरा आणावा आणि सर्वांनी त्यावर चालण्याचा सराव करावा, असं समितीचं मत पडलं. पैसे तुमच्या नळाच्या पाइपांचे पडून होतेच. काल गालिचा आला. काय सांगू, लाल, मऊ, पाऊल बुडेल असा! साहेबांनी त्यावरून हात फिरवला, आमच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, सराव जरा पावसाळ्यानंतर करू. आम्हाला हायसं वाटलं आणि आम्ही कपाटाकडे वळलो.

मामींचं मला खरंच वाईट वाटतं. लहानपणी त्याच हंड्यांतल्या पाण्याने त्यांनी मला न्हाऊ घातलंय. ते आठवलं की घास गिळवत नाही.

तुमचा, सध्या पालथा झोपणारा,
भाचा

ता. क. खरं तर एका कामासाठी लिहायला बसलो होतो. पाइपांचे पैसे कुठे गेले असं वरून कुणीतरी विचारणार. तेव्हा गल्लीतल्या लोकांच्या सह्यांचा एक अर्ज पाठवा, की टेकडी चढून प्रकृती उत्तम राहते, नळाची घाई नाही. पहिली सही मामींची घ्या, त्यांचं अक्षर चांगलं आहे.

आणखी ता. क. एक आनंदाची बातमी राहिलीच. साहेबांना कपाटामागे पाहिल्याचं मी ऑफिसात कुणाला बोललो नाही, म्हणून मला बढती मिळाली. स्वतंत्र खोली आहे. गालिच्याचा एक तुकडा उरला होता, तो माझ्या टेबलासमोर घातलाय. अर्ज घेऊन तुम्ही स्वतः आलात तर फार बरं वाटेल. फक्त आत आलात की उजवीकडे वळा. भिंतीचा चुना पाठीला लागतो, पण झटकला की जातो.