प्रेसची जाळी मी बसवली नव्हती

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याहत्तर, धंद्याने फिटर, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या घराच्या पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. फुप्फुसांचा आजार हाताबाहेर गेला आहे, पण डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितले. पासष्टाला त्या "पुरे" म्हणाल्या. मी दोनापर्यंत जाऊनच थांबलो. हाती घेतलेले काम मी अर्धवट सोडत नाही, असा माझा लौकिक आहे. तो खरा नाही, हे सांगण्यासाठीच हा कागद आहे.

नऊ वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करीत आहे. त्यात देवावरील माझ्या विश्वासाविषयी दोन पाने होती. ती वाचून वकिलांच्या कारकुनाने डोळे पुसले होते.

कलम १. घर.
पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर आणि अंगणातली पत्र्याची शेड मिळून जे माझे स्थावर आहे, ते माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला, कोणतीही अट न घालता मिळावे. तिने त्यात राहावे, विकावे की पाडावे, हे तिचे ती ठरवील. तिला नको असल्यास, यंत्रावर हात गमावलेल्या कामगारांसाठी जी संस्था काम करते तिला द्यावे. आमच्या चर्चच्या मंडळीला देऊ नये. मंडळी दारावर माझ्या नावाची पाटी लावील.

कलम २. मुलगा.
माझा मुलगा बारा वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही. दोष त्याचा नाही. आमच्या घरात पहाटे पाचला उठणे, गुडघे टेकणे, पवित्र शास्त्राचे दोन अध्याय आणि मग न्याहारी, असा नेम होता. वाचन चुकले तर न्याहारी नाही. त्याची आई होती तोवर ती त्याच्या दप्तरात काहीतरी लपवून देत असे, आणि मला ते माहीत नाही असे समजत असे. आई गेल्यावर तेही राहिले नाही. घर सोडताना तो म्हणाला, "बाबा, तुमचा देव म्हणजे हजेरी घेणारा मुकादम आहे." मी त्याला पश्चात्तापाविषयी बोलू लागलो, तेवढ्यात तो जिना उतरून गेला.

त्याला त्याच्या आईची सर्व चीजवस्तू आणि बँकेतली माझी शिल्लक मिळावी. शिवाय त्याचा रेडिओ. तो पंधरा वर्षांचा असताना एका रविवारी त्याने उपासना चुकवली, म्हणून मी तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता. रेडिओ चालतो. दरवर्षी सेल घालून मी पाहत आलो. परत मात्र दिला नाही.

कलम ३. घडलेली हकीकत.
वकील म्हणाले, मृत्युपत्रात अशा गोष्टी नसतात. पण कारखाना बंद पडून नऊ वर्षे झाली. तिथल्या एका अपघाताच्या चौकशीचा निकाल दुरुस्त व्हावा म्हणून मी कामगार कार्यालयाला पत्र लिहिले, तर उत्तर आले की इतके जुने कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. म्हणजे माझे खोटे ज्यावर लिहिले होते तो कागद उरलेला नाही. ते फक्त माणसांच्या तोंडी आणि मनात उरले आहे. मृत्युपत्राची नोंदणी होते. म्हणून खरे इथे लिहीत आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी मी आणि माझा भाऊ डब्यांच्या कारखान्यात होतो. मी फिटर, तो मशीनवर. एका बुधवारी दुपारी झाकणे कापणाऱ्या प्रेसची स्प्रिंग तुटली. ती बदलण्यासाठी मी हातापुढची लोखंडी जाळी काढली. ही जाळी असली की माणसाचा हात आत जाऊच शकत नाही. चार बोल्टांवर ती बसते, पंधरा मिनिटांचे काम. स्प्रिंग बदलून होईपर्यंत साडेपाच झाले. सहाला प्रार्थनासभा होती. मी कधीही उशिरा गेलेलो नव्हतो, आणि त्या दिवशी आभाराची प्रार्थना करण्याची पाळी माझी होती. मी जाळी भिंतीला टेकवून ठेवली. 'मशीन बंद' ही पाटी लावली नाही, रजिस्टरात लिहिले नाही. संध्याकाळचा फिटर बघून घेईल, असे मनाशी म्हटले आणि हात धुऊन निघालो.

त्या पाळीला नेहमीचा माणूस आला नाही, म्हणून फोरमनने माझ्या भावाला त्या प्रेसवर उभे केले. सव्वासहाला त्याचा उजवा हात कोपरापर्यंत आत गेला. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी उभा राहून दिवसभराच्या कृपेबद्दल देवाचे आभार मानत होतो.

भाऊ इस्पितळात तीन दिवस जगला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजय चहा प्यायला खाली गेली होती. मी एकटाच त्याच्याजवळ होतो. तो मला म्हणाला, "दादा, जाळी नव्हती रे." मी म्हणालो, "झोप आता."

त्यानंतर तो काही बोलला नाही.

चौकशीत मी सांगितले की जाळी मी बसवली होती, भावाने काम लवकर उरकावे म्हणून ती काढली असावी. फोरमनने मान डोलावली. त्यालाही तेच सोयीचे होते. निष्काळजीपणा मृताचाच ठरला. त्यामुळे भावजयीच्या पदरात भरपाईचे काही पडले नाही, आणि ती त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला लागली. पुतणी तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या शाळेचे, कपड्यांचे, औषधांचे मी पाहिले. लोक म्हणत, दीर असावा तर असा. मी ते ऐकून घेत असे.

कलम ४. टेबल आणि आठ खुर्च्या.
भाऊ गेल्यानंतर वर्षभराने मी माझ्या पुढच्या खोलीत आठ जणांची संगत सुरू केली. रोज एकमेकांसाठी प्रार्थना, शनिवारी इस्पितळातल्या रुग्णांना भेट, आणि आठवड्यातून एकदा या टेबलाभोवती बसून आपापल्या पापाची कबुली. कबुलीचा नियम माझाच. चोवीस वर्षे मी इतरांचे ऐकले. माझी पाळी आली की मी सांगत असे: राग आला, प्रार्थनेत लक्ष नव्हते, शेजाऱ्याचा हेवा वाटला. भावजय माझ्या समोरच्या खुर्चीवर बसत असे.

आमच्यात एक वायरमन होता. त्याने तीनदा कबूल केले की दारू सुटत नाही. तिसऱ्या वेळी मी त्याला म्हणालो, तीन महिने येऊ नकोस, मन लावून पश्चात्ताप कर. तो हसून "बरं, मोठे भाऊ" म्हणाला आणि परत आला नाही. दुसऱ्या वर्षी तो त्याच्या खोलीत मेलेला सापडला. कळायला चार दिवस लागले. त्याच्या दफनाला मी पेटीला खांदा दिला, आणि या टेबलाशी येऊन इतरांना त्याचे उदाहरण दिले. खुर्च्यांपैकी खिडकीजवळची खुर्ची त्याची होती. टेबल आणि सर्व खुर्च्या त्याच्या बहिणीला द्याव्यात. तिने त्यांचे सरपण केले तरी चालेल.

कलम ५. आधीचे पाळक.
त्यांना मी काही देत नाही. अपघातानंतर तिसऱ्या वर्षी मी त्यांना सगळे सांगितले होते. ते म्हणाले, "प्रभूनं क्षमा केली. आता हे उकरून काढाल तर मंडळी मोडेल." माझा त्यांच्यावर राग नाही असे लिहिले तर ते आणखी एक खोटे होईल. पण हेही लिहितो की गावात दोन पाळक होते, आणि मी मुद्दाम यांच्याकडे गेलो. हे काय म्हणतील ते मला ठाऊक होते.

कलम ६. भावजय.
या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी आजाराचे नाव सांगितले. त्यानंतरच्या रविवारी, उपासनेनंतर, मी भावजयीच्या घरी गेलो. ती चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या टेबलाचे पांढरे कापड इस्त्री करत होती. ते काम तिने वीस वर्षे केले आहे. मी उभ्यानेच सांगितले. तिने इस्त्री थांबवली नाही. कापडाची चौथी कड झाली, घडी झाली, मग तिने इस्त्रीचे बटण बंद केले.

ती म्हणाली, "मुलीला मी काय सांगत आले, माहितीये ना दादा? सांडलं, पडलं, काही विसरलं, की म्हणायची, बापासारखी घाई करू नकोस."

मी म्हणालो, माहीत आहे.

"माझ्या घरात, माझ्यासमोर ऐकलंत तुम्ही ते. कितीदा तरी."

मी हो म्हणालो. मी क्षमा मागू लागलो, तर तिने हात वर करून मला थांबवले आणि दार उघडून उभी राहिली.

पुतणीला तिनेच सांगितले. पुतणी प्रयोगशाळेत काम करते आणि प्रत्येक बाटलीचे झाकण दोनदा तपासते. तिच्याबरोबर काम करणारे त्यावरून तिची थट्टा करतात, असे ती पूर्वी हसून सांगत असे. तिने मला फोन करून एकच प्रश्न विचारला: मशीन सुरू झाली तेव्हा तुम्ही कुठे होता? मी सांगितले. तिने फोन ठेवला. त्यानंतर ती आलेली नाही.

संगतीला मी पुढच्या आठवड्यात सांगितले. घड्याळे दुरुस्त करणारे माझे मित्र सोडले तर आता कोणी येत नाही. तेही फारसे बोलत नाहीत. औषधाच्या वेळेला येतात, पाणी देतात, बसून राहतात.

कलम ७. हत्यारे व वह्या.
नटबोल्टचे पाने, कानशी, मापे आणि हत्यारांची पेटी तंत्रशाळेला द्यावी. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, तो काढू नये. मशीन सोडून जाण्यापूर्वी पाहायच्या चार गोष्टी त्यावर आहेत. त्या मला तेव्हाही तोंडपाठ होत्या.

माझ्या प्रार्थनेच्या पंचवीस वह्या आहेत. मंडळीच्या चिटणीसांनी त्या छापण्याविषयी दोनदा विचारले आहे. छापू नयेत. रोजच्या पानावर पहिली दोन नावे भावजयीचे आणि पुतणीचे आहेत. वरील हकीकत एकाही पानावर नाही. कोणी शोधत बसू नये. वह्या जाळाव्यात.

मी विश्वास टाकला असे कोणी समजू नये. रुग्णांना मी पाजलेले पाणी खरे होते, त्यांच्यासाठी केलेली प्रार्थनाही खरी असावी. पण मी रोज पाचला उठून ज्याच्यासमोर गुडघे टेकत होतो त्याला सगळे ठाऊक होते, आणि मी त्याला इतरांविषयी सांगत राहिलो. आता गुडघे टेकवत नाहीत. पलंगावरूनच सकाळी एवढे म्हणतो: जाळी मी बसवली नव्हती. पुढचे शब्द अजून सुचलेले नाहीत.

कलम ८. दफन.
मला भावाशेजारी पुरू नये. ती जागा भावजयीची आहे. मला कुंपणाकडे कुठेही चालेल. माझ्याविषयी कोणी साक्ष देऊ नये, गुणगान करू नये. पेटी खाली सोडण्यापूर्वी नव्या पाळकबाईंनी कलम ३ शेवटपर्यंत मोठ्याने वाचावे. त्या तयार आहेत. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांनी त्यांना तसे न करण्याविषयी सुचवले आहे, हे मला कळले आहे. वडीलधाऱ्यांना विनंती की त्यांनी त्या दिवशी घरी राहावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे घड्याळजी मित्र करतील.

साक्षीदारांविषयी. ज्याला या कागदातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. मी घर आधी भावजयीच्या नावे लिहिणार होतो. तसा निरोप मी घड्याळजींबरोबर पाठवला. आज सकाळी सहा महिन्यांनी ती स्वतः आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मला घर नको. मला काहीच नको. साक्षीदार म्हणून माझी सही घ्या." मी विचारले, का. ती म्हणाली, "चौकशीत सगळ्यांच्या सह्या होत्या. माझी कुणी घेतली नाही." मग मी हा कागद लिहून संपवेपर्यंत ती थांबली आणि तिने तो बसून, चष्मा लावून, सुरुवातीपासून वाचला. कलम ३ तिने दोनदा वाचले. कलम ६ मध्ये मी तिला रडताना दाखवले होते. ते खोडायला लावले. ती रडली नव्हती.

सही करण्यापूर्वी तिने मला सांगितले ते इथे लिहावे, अशी तिची अट आहे, म्हणून लिहितो: "ही सही म्हणजे क्षमा नाही."

वरील मजकूर मी लिहिला, वाचला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यांनी माझ्या.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार

मृत्युपत्र करणार: (सही) फिटर

साक्षीदार १: (सही) डॉक्टरीणबाई. रुग्ण शुद्धीवर आहे. मध्येच दोनदा ऑक्सिजन द्यावा लागला.

साक्षीदार २: (सही) प्रेसवर मेलेल्या कामगाराची बायको. वाचले. माझा नवरा घाईचा नव्हता.