रुंद वेटोळं

३ डिसेंबर
आलो एकदाचा. अंगणामागची शेड, डोक्यावर पत्रा, दाराशी नळ, वीज भक्कम. निवृत्त ओताऱ्याला आणखी काय हवं? लेक म्हणत होती, बाबा, मांडीत रॉड घेऊन एकटे कुठे राहता, माझ्याकडे या. तिला म्हटलं, घरच्या घरी इंडक्शन भट्टी बांधतो, पितळी मुठी ओततो. तूच पाहुणी म्हणून ये चौदाच्या रविवारी. अर्धी भट्टी तर आयतीच मिळाली. आधीचा भाडेकरू वीज सोडली की आतला धातू जाळाविना तापवणारं तांब्याच्या नळीचं वेटोळं, स्टूल आणि पितळ वितळवायची मूस सोडून गेलाय. तोही लंगडायचा म्हणे. घरमालकीण सांगत होती, एक दिवस सगळं टाकून कुठे गेला कोण जाणे.

५ डिसेंबर
वेटोळं गार ठेवणारं पाणी नळीतून फिरवून पाहिलं, गळती नाही. वळणं सुबक, पण माप चुकलंय. मूस आत डुगडुगते, दोन्हीकडे चार-चार बोटं जागा उरते. हौशी असणार बिचारा. नवी नळी वळायला हवी, पण अंगात त्राण नाही. चालवून घेऊ.

६ डिसेंबर
पितळ वितळलं, उशिरा का होईना. जवळ बसलो तर मांडीतला रॉडही कोमट झाला. वेटोळ्याजवळचा धातू तापणारच. अंगठ्या काढा म्हणून कारखान्यात नव्यांना मीच दटावायचो. पण चार वर्षांत पहिल्यांदाच ठणका थांबला. उठवेना.

९ डिसेंबर
आज काही वितळवलं नाही. नुसता बसलो. त्याची मूस खरवडली, तर मळीत एक अर्धवट वितळलेला स्क्रू. माझ्या एक्स-रेत तसे चार दिसतात.

११ डिसेंबर
खटका बंद. वायर काढून ठेवली. तरी रॉड कोमट. लेकीचा फोन आला. आवाज थकलेला वाटतोय म्हणाली. बरं आहे म्हटलं.

१२ डिसेंबर
दोरीनं वेटोळं आतून मोजलं. मग मांडी मोजली. गाठ त्याच जागी आली. त्याचं माप चुकलं नव्हतं –

१३ डिसेंबर
पिशवी भरली. लेकीकडे जायचं. दारापर्यंत पोचलो आणि रॉड गार पडला. असा ठणका की – परत स्टुलावर. भीती वाटते. त्याहून जास्त दमलोय.

१४, रविवार
लेक दार वाजवतेय. कडी आतून. उठायला हवं. पाय मांडीपर्यंत आत – कधी घातला? वायर कोपऱ्यात पडलीय, तरी घुमतंय. दुखत नाही. मुळीच दुखत नाही. तिला ओरडून सांगायचंय, हातातल्या बांगड्या काढून मगच –