जिभेचा रोजा

जऊळका,
ता. ४ मार्च २०२५,
तिसरा रोजा

चि. मुनीरा हिस खैरुनआपाचा सलाम व अ. उ. दुआ.

पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की इथं सगळे खुशाल आहेत. कोणी मेलं नाही, कोणी पडलं नाही. तुझ्या दुल्हाभाईची शुगर बी आटोक्यात आहे. माझा फोन बंद लागून राह्यला असंल तं त्याचं कारण मीच. ईदपर्यंत तो पेटीत ठेवला आहे.

झालं असं, की रमजानच्या आधी मस्जिदीमागच्या घरी बायकांचा दर्स झाला, प्रवचनच म्हण. आलिमा बाजी वाशीमहून आली होती. बाजी काय, पंचविशीतली पोरगीच. ती म्हणे, पोटाचा रोजा सगळेच ठेवतात, जिभेचा कोण ठेवते? रोज तिसऱ्या प्रहरी असरची नमाज झाली की पाच मिनिटं एकट्या बसा अन् स्वतःले विचारा, आज माझ्या हातून काय झालं, कोणाचं मन दुखलं. याले मुहासबा म्हणतात. अन् कोणाच्या पाठीमागं त्याचं वाईट बोलणं म्हणजे गीबत. ती माफ करायचा हक ज्याच्याबद्दल बोललो त्याचाच असते, म्हणून त्याच्याच दारात जा लागते. मी घरी येऊन पाच मिनिटं बसली, अन् ध्यानात आलं की दुपारी तू अन् मी फोनवर तासभर जे बोलतो, त्यातून गीबत काढून टाकली तं हॅलो अन् ठेवते एवढंच उरते.

पत्रात हात हळू चालते, म्हणून पत्र बरं. वरच्या ओळीनंतर तुझ्या सासूबद्दल एक वाक्य लिहून मी खोडलं आहे. उजेडात धरून वाचू नको.

पण माझं काम तुले माहीत आहे. शिलाई मशीन अन् समोर ब्लाऊजवाल्या बायका. कोणी बोलणं सुरू केलं की मी टाचण्या ओठात धरून घेते. टाचण्या असल्या की फक्त हं करता येते. काल तं चार टाचण्या धरून बी मी असं हं केलं, की ते पूर्ण वाक्यापेक्षा वाईट होतं. बायका काय समजायचं ते समजल्या. असरनंतर त्या एका हंबद्दल तौबा केली.

आता खरी गोष्ट. बसलं की रोज एकच नाव पुढं येते, कस्तुराबाई. तीन वर्षांमागं तिच्या निताचं लग्न वाशीमले जमलं होतं अन् मोडलं, आठवते ना? त्याच्या आठ दिवस आधी मी मशीनवर बसून म्हटलं होतं की पोरीले झटके येतात. ते त्या लोकाईपर्यंत गेलं असंलच. कस्तुराबाईची माफी मागावी असं मनात आहे. ते झटक्याचं तूच मले फोनवर सांगतलं होतं. तुले कोणी सांगतलं, ते आठवून लिही.

लोभ आहेच, दुआत आठवण असू दे.

तुझी,
खैरुनआपा

---

कारंजा लाड,
ता. ८ मार्च

ती. खैरुनआपास मुनीराचा सा. सलाम वि. वि.

पत्र उजेडात धरलं, तव्यावर गरम करून पायलं, काही दिसलं नाही. एवढं कोणी खोडते का? सासूबाई दारातूनच विचारून राह्यल्या होत्या, कोण गेलं म्हणून. डोळे पुसायची तयारी बी झाली होती. सगळे जिवंत आहेत म्हटल्यावर त्या थोड्या नाराज झाल्या. ही गीबत नाही, आपा. मी त्याईच्या समोरच लिहून राह्यली, अन् त्या चष्मा शोधून राह्यल्या.

तुझा मुहासबा मी बी करून पायला. असरनंतर बसली, डोळे मिटले, अन् एकदम आठवलं की भज्याचं बेसन भिजवलंच नाही. उठली. दुसऱ्या दिवशी बसली तं डोळाच लागला. या घरात अकरा माणसं आहेत. इथं माझा नफ्स, माझा मीपणा, कुठं संपते अन् जाऊबाई कुठं सुरू होते, तेच कळत नाही.

तुझ्याशिवाय दुपार जात नाही. एक वाजता फोन हातात घेते अन् ठेवून देते. काल तं चुकीच्या नंबरवाल्याशी दहा मिनिटं बोलली. तो बिचारा यवतमाळचा निघाला, खताच्या दुकानाचा नंबर लावत होता.

कस्तुराबाईचं मात्र राहू दे. जुनी गोष्ट आहे. निता आता एसटीत कंडक्टर आहे, खाकी घालून वाशीम-कारंजा गाडीवर असते, कोणाले ऐकत नाही. बरं चाललं आहे तिचं. उगीच उकरून काय मिळते? कोणी सांगतलं ते आता ध्यानात नाही. मी बी वाशीमले डोळे दाखवाले आजकाल सकाळच्या गाडीनं जात नाही, गर्दी असते.

थोरल्याईचा हात डोक्यावर राहावा.

तुझी,
मुनीरा

---

जऊळका,
ता. १५ मार्च

चि. मुनीरा हिस सलाम व दुआ.

मी गेली होती. तुझं ऐकलं नाही.

कस्तुराबाई अंगणात गहू निवडून राह्यली होती. मी घरून सगळं पाठ करून गेली, अन् तिथं बसून आधी विचारलं की गहू कोणता. ती म्हणे लोकवन. मंग मी विचारलं, मागच्या साली कोणता होता. ती म्हणे, खैरुन, तू रोज्यात उन्हाची गव्हासाठी आली का? तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, की निताचं जमलेलं मोडलं ते माझ्या तोंडामुळं. झटके येतात असं मी मशीनवर म्हटलं. मले माफ कर.

तिनं हातातले खडे खाली टाकले. मंग म्हणे, तू? मी म्हटलं, हो. ती म्हणे, चंदाबाई नाही? मी म्हटलं, चंदाबाईचा काय संबंध?

मुनीरा, त्या दोघीईच्या घरात एकच भिंत आहे. पापड संगं, मिरच्या संगं, दवाखान्यात बी संगं. तीन वर्षांपासून त्या बोलत नाहीत, हे साऱ्या जऊळक्याले माहीत होतं, पण काहून ते कोणालेच माहीत नव्हतं. चंदाबाईले बी नाही. कस्तुराबाईनं मनाशीच धरलं होतं, की घरातली गोष्ट बाहेर नेणार तं चंदाबाईच.

ती उठली तशी मांडीवरचा गहू सारा खाली. एका पायात तिची चप्पल, एका पायात मालकाची, अन् तशीच चंदाबाईच्या घरात शिरली. आतून आधी भांडणाचा आवाज आला, मंग रडण्याचा, मंग हसण्याचा, मंग पुन्हा रडण्याचा. मी अंगणात गव्हावर आलेल्या कोंबड्या हाकलत बसली. अर्ध्या तासानं दोघी हात धरून बाहेर आल्या अन् माझ्याकडं पायलं. चंदाबाई म्हणे, तीन वर्षं मी देवाले विचारून राह्यली माझं काय चुकलं, अन् तू इकडं आरामात मशीन चालवून राह्यली होती. मंग दोघी आत गेल्या अन् दार लावलं.

म्हणजे आता त्या एकमेकीशी बोलतात, अन् दोघी बी माझ्याशी बोलत नाहीत.

खरं सांगू, येताना पाय जमिनीवर नव्हते. अंग इतकं हलकं झालं, की स्टेशनच्या रस्त्यानं मी चांगली गुणगुणत आली. मंग मनात आलं, वा खैरुन, काय बाई आहेस, एवढं कोण करते. ते आलं अन् मी जागेवरच थांबली. पाह्य, तौबा करून चार पावलं झाली नाहीत, तं नफ्स स्वतःच्याच गळ्यात हार घालून राह्यला. रस्त्यात उभी राहून हसत सुटली. तुझे दुल्हाभाई समोरून आले, त्याईनं विचारलं, रोजा लागला का?

तुझं नाव मी घेतलं नाही. घेतलं असतं तं ती नवी गीबत झाली असती. मी म्हटलं ते माझं. पण फोनवर झटके हा शब्द तूच म्हटला होता. पुढचं तुले माहीत अन् अल्लाले माहीत.

मशीन सध्या शांत आहे. दोघीईनं आपले ब्लाऊज परत नेले, एकाले तं हुकच नव्हते लावले.

आपा आहे तशीच समजून घे.

खैरुनआपा

---

कारंजा लाड,
ता. २१ मार्च

ती. आपास सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी इफ्तारचा खजूर हातातच धरून बसली. सासूबाई म्हणे, आता तरी कोणी गेलं का? मी म्हटलं, माझी इज्जत.

आपा, मले कोणीच सांगतलं नव्हतं. मीच पायलं होतं. मे महिना होता, कारंज्याच्या स्टँडवर निता उपाशीपोटी उभी होती, चक्कर येऊन खाली बसली. मीच तिले पाणी पाजलं. दोन मिनिटांत उठून गाडीत चढली बी. घरी येऊन तुले फोन लावला. पण नुसती चक्कर म्हटली असती, तं तू हो का म्हणून पोळ्या लाटाले गेली असती. म्हणून मी झटके म्हटलं. तुले फोनवर थांबवाले मी त्या पोरीचे झटके केले. बाकी काही नव्हतं माझ्या मनात, अन् हेच मले जास्त लागते.

सकाळच्या गाडीत गर्दी नसते. त्या गाडीवर निता असते. एकदा तं मी तिले टाळाले शेलूबाजारावरून फिरून वाशीमले गेली, अन् डोळ्याचा डॉक्टर उठून गेला होता.

मंगळवारी मी त्याच गाडीत चढली. ठरवलं होतं की तिकीट घेताना हळूच कानात सांगायचं. गाडी इतकी खडखडत होती, की निता म्हणे, काकू, जोरानं बोला. मी जरा जोरानं बोलली. ती म्हणे, अजून जोरानं. मंग मी सारा दम लावून ओरडली, की तुले झटके येतात हे मीच सांगतलं होतं. नेमकं तेव्हाच ड्रायव्हरनं स्टॉपवर इंजिन बंद केलं.

साऱ्या गाडीनं मान वळवली. मागचे एक बाबा उभे राहून ओरडले, कंडक्टरबाईले धरा, तिले येऊन राह्यले. दोघंतिघं खरंच धावले. एकीनं आपली चप्पल काढून हुंगवाले पुढं केली. मी म्हणून राह्यली, नाही हो, येत नाहीत, मी खोटं बोलली होती, तं ते बाबा माझ्यावर ओरडले, की मंग सांगतलं काहून? अन् निता, आपा, दांड्याले लटकून हसत होती. टोपी पडली तिची. ड्रायव्हर उतरून मागच्या दारानं पाहाले आला.

गाडी निघाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणे, काकू, तेव्हा मी दोन महिने घराबाहेर पडली नव्हती. मले खरंच काही आजार आहे का म्हणून मायनं अकोल्याले नेऊन डोक्याची तपासणी केली. ती हे हसत नव्हती सांगत. मी मान वर केली नाही. मंग म्हणे, घरात बसून बसून भरतीचा अभ्यास केला अन् लागली. पण त्याचं श्रेय तुमाले देणार नाही. मी म्हटलं, देऊ बी नको. शेवटी म्हणे, माझ्याकडून माफ आहे. मायची माफी मायजवळ. उतरताना त्या बाबाईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी २५ तारखेले जऊळक्याले येते. कस्तुराबाईले माझं नाव मीच सांगीन. तू फक्त संगं उभी राह्य.

तुझी चुकलेली,
मुनीरा

---

जऊळका,
ता. ३ एप्रिल

चि. मुनीरा हिस ईदची मुबारकबाद, सलाम व खूप दुआ.

तू गेली त्यानंतरचं सांगते. तू तुझं नाव सांगतलं तेव्हा कस्तुराबाईनं तुझ्यासमोर मले म्हटलं होतं ना, की जिथं बोलली तिथंच सांग, मंग पाहू. चंदाबाई मागून मान हलवत होती. मी २९ तारखेची वाट पायली. ईदचे कपडे न्याले सगळ्या बायका त्याच दुपारी येतात. बावीस जणी होत्या, पाय ठेवाले जागा नव्हती. दारात कस्तुराबाई अन् चंदाबाई येऊन उभ्या राह्यल्या.

मी मशीन थांबवलं अन् सांगतलं. निताले कधीच झटके आले नाहीत. उन्हानं एकदा चक्कर आली होती. झटके म्हणून सांगणारी मी. आजपासून कोणी तसं म्हटलं तं त्याले माझं नाव सांगा.

मंग कोपऱ्यातून आमची शेजारीण हळूच म्हणे, वाशीमच्या त्या लोकाईले ते मी सांगतलं होतं. दुसरी म्हणे, तिले मी म्हटलं होतं की सांगच. मंग तं मुनीरा, बांध फुटला. एकीनं दुसरीले सांगतलं की तुझी भाजी खारट असते असं मी साऱ्याले सांगते. ती म्हणे, असतेच खारट, पण मी तुझ्या मुलीले काळी म्हटलं, ते माफ कर. कोणी कोणाचं वय वाढवलं होतं, कोणी कोणाचा मुलगा नापास केला होता. त्यातच कोणाले तरी कळलं की आपण जिची माफी मागून राह्यलो ती ती बाई नाहीच, तिची बहीण आहे, अन् पुन्हा सारं पहिल्यापासून. हसून हसून सगळ्या भिंतीले टेकल्या. माझ्या डोळ्याले पाणी, पोटात रोजा, अन् अकरा ड्रेस बिनबटनाचे.

इफ्तारले दोन तास उरले तेव्हा चंदाबाई पुढं आली, पदर खोचला अन् म्हणे, सुया आण. कस्तुराबाई बी बसली. मंग साऱ्याच बसल्या. कोणाचा ड्रेस कोणी शिवला याचा पत्ता नाही. ईदच्या दिवशी तुझ्या दुल्हाभाईच्या कुर्त्याले शर्टाची बटनं होती, अन् ते दिवसभर साऱ्याले दाखवत फिरले.

ईदले दोघी शिरखुर्मा प्याले आल्या. कस्तुराबाईनं दोन वाट्या घेतल्या अन् मले बाजूले बोलावलं. मले वाटलं, आता माफ केलं म्हणंल. तसं ती म्हणलीच नाही. म्हणे, डेपोत बादल नावाचा मेकॅनिक आहे, निताले पसंत आहे, त्याच्या घरी पाहाले जायचं आहे, तू संगं चाल. मी म्हटलं, मी? माझ्या तोंडानं एकदा मोडलं, आता पुन्हा मलेच नेतं? ती म्हणे, म्हणूनच. बाकीच्या मले गोड वाटंल तेच सांगतील. तू आता ना वाढवून सांगशील, ना लपवून. घर पाह्य, माणसं पाह्य, अन् जे दिसंल ते मले सांग.

मुनीरा, मी घाबरली आहे. चूप राहणं सोपं असते. आलिमा बाजीले विचारलं, तं ती म्हणे, लग्नासाठी कोणी विश्वासानं विचारलं तं खरं सांगणं ही गीबत नाही, ती अमानत आहे, आपल्याजवळ सोपवलेली ठेव. जेवढं पायलं तेवढंच बोला, एक दाणा कमी नाही, एक दाणा जास्त नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं जाऊन राह्यलो, कस्तुराबाई, चंदाबाई अन् मी. माझ्या जिभेसाठी दोन रकात नमाज पढ. तुझ्या सासूबाईले बी सांग दुआ कराले, त्याईची लवकर कबूल होते असं मी साऱ्याले सांगते. हे खरं आहे, वाढवलेलं नाही.

माया आहे तेवढीच राहू दे, कमी करू नको.

तुझी,
खैरुनआपा